मनू, मेसेज पूर्ण लिहीत जा गं

प्रिय मनू,

डिपॉझिटचे पैसे पाठवलेत, पोचले का तेवढं बघ. आणि एक सांगायचंय, फोनवर सांगायला गेलं की तू नुसतं हो बाबा हो बाबा करतेस म्हणून लिहितोय.

तुझा मेसेज आला तेव्हा दुकानात ही गर्दी, एका आजींचं इन्सुलिन फ्रिजमधून काढत होतो, हातात त्यांची चिठ्ठी, शेजारचा माणूस बिल मागतोय आणि स्क्रीनवर तुझं, एचएस डीपी ८के टीएमआर एलडी. आता दिवसभर माझ्यासमोर एचएस म्हणजे रात्री झोपताना घ्यायची गोळी, त्यामुळे डोकं आधी तिकडेच जातं, मग वाटतं डीपी म्हणजे फोटो, मग कधीतरी उजेड पडतो की होस्टेलचं डिपॉझिट, आठ हजार, उद्या शेवटची तारीख. तोवर आजींचे युनिट किती ते डोक्यातून गेलेलं असतं, चिठ्ठी परत पहिल्यापासून वाचायची.

चिठ्ठीतलं ओडी, बीडी, टीडीएस, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, मला वाचावंसुद्धा लागत नाही, इतक्या वर्षांची सवय, आणि अर्थ कायम तोच. तुझं केएल मात्र कधी काल असतं तर कधी कळलं. ते लावत बसायचं आणि त्याच वेळी डोसही लक्षात ठेवायचा, दोन्ही एकदम नाही होत गं. आमच्याकडे तर ओळखीचा शॉर्टफॉर्मही घात करतो, इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटऐवजी नुसता यू लिहिला आणि तो शून्यासारखा दिसला की १० चे १०० होतात, म्हणून अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये तो यू वापरायचा नाही अशा यादीतच टाकला.

पूर्वीचं मी समजू शकतो, एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीत टाईप केला तर ७० चाच, वर गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. आता कशाला काटकसर?

मैत्रिणींना लिही कसंही. मला पैसे, तारीख, गाडीची वेळ आणि तब्येत एवढं तरी पूर्ण शब्दांत लिही, आणि घाईचं असेल तर सरळ फोन कर, मी गिऱ्हाइकाला थांबवून उचलीन. रविवारी नुसतं टीएमपी १०१ टाकलंस, तुला ताप आलाय हे मला असं कळायला नको बाळा.

उतरला का ताप? पॅरासिटामॉल घेत असशील तर दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास जाऊ दे, आणि उपाशीपोटी झोपू नकोस.

तुझा बाबा