स्मरणचित्र पाठ करायचे नसते

माननीय संपादक,

शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात. ते मिळू नयेत असे मी म्हणत नाही. त्या निमित्ताने तरी मुलांच्या हाती ब्रश येतो. पण यंदा या परीक्षेला बसणाऱ्या माझ्या पुतणीची वही पाहिली आणि वाईट वाटले. बाजाराचे चित्र: डावीकडे छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेली बाई, मागे झाड. शेजारच्या मुलाच्या वहीतही तीच भाजीवाली, तीच छत्री. क्लासमध्ये चार-पाच चित्रे घोटून घेतली आहेत. विषय कोणताही येवो, त्यातलीच माणसे इकडची तिकडे करायची. पेपरचे नाव मात्र स्मरणचित्र! पोर दर रविवारी माझ्याबरोबर मंडईत येते, पण तिथले कुणीच त्या चित्रात नाही.

हीच सवय पुढे कामावरही दिसते. मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, २६ वर्षे काढली. शिकाऊ मुले हुशार असतात, ड्रॉइंग वाचतात, मायक्रोमीटर नीट धरतात. पण फिक्स्चरमध्ये, म्हणजे काम करताना वस्तू घट्ट धरणाऱ्या साधनात, जॉब (घडवायचा भाग) बसला नाही की “सर, आता काय करू?” म्हणून उभी राहतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आमच्या एका ऑपरेटरने क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबवर उठणारे ओरखडे थांबले. “हे ड्रॉइंगमध्ये आहे का?” असे विचारून साहेबांनी तो काढायला लावला. चार महिन्यांनी माल परत आला, तेव्हा त्याच जागी नायलॉनची पट्टी बसली. त्या ऑपरेटरला कुणी शाबासकीसुद्धा दिली नाही. पुढे सजेशन पेटीत त्याने एकही चिठ्ठी टाकली नाही.

सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुले असतील, तर कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच लिहिले आहे. ही पदे भरा, त्या माणसांना वर्षभर टिकू द्या आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. परीक्षकांनीही घोटलेल्या बाजारापेक्षा, हात थोडा कच्चा असला तरी स्वतः पाहिलेल्या बाजाराला जास्त गुण द्यावेत.

या रविवारी मी पुतणीला वही घेऊन मंडईत नेणार आहे. लिंबूवाल्या आजी पायरीवर गोणपाट टाकून बसतात. त्यांच्याकडे छत्री नाही.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड