गुन्हा फक्त चालकावरच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंटेनरच्या अपघाताची कालच्या अंकातली बातमी वाचली. शेवटी नेहमीचेच वाक्य : ‘चालकावर गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू.’ चालकाचे नाव, वय, गाव सगळे छापलेत. गाडी कुणाची, माल कुणाचा, चालक किती तास जागा होता, यावर एक अक्षर नाही. फोटोत कंटेनरवरचे ट्रान्सपोर्टचे नाव तेवढे पुसट केले आहे. ते कशासाठी, हे वाचकांना कळायला हवे.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर ट्रकखाली गेले. तारखेला आम्ही साताऱ्याच्या कोर्टात गेलो की तो चालक व्हरांड्यात एकटाच उभा असायचा. एकदा बहिणीपुढे हात जोडून म्हणाला, “ताई, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. शेठला फोन केला, तर म्हणाले, आधी गाडी खाली कर, पोच घे, मग झोप.” तो शेठ आम्हाला कधी दिसलाच नाही. भरपाईच्या दाव्याची नोटीस त्याने घेतली, पण ना हजर राहिला ना वकील दिला. विमा कंपनी मात्र चालकाच्या लायसन्सची मुदत संपली होती म्हणून भांडत बसली. शेवटी न्यायाधिकरणाने आदेश दिला की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. कंपनीने वसूल केले की नाही, हे आम्हाला कुणी कळवलेले नाही. संसार बहिणीचा मोडला, जामिनासाठी चालकाच्या बायकोने दागिने मोडले. शेठच्या गाड्या त्याच रस्त्याने आजही धावतात.

नोकराने कामावर असताना केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाने द्यायची, हे कायद्याला मान्य आहे. पण ती भरपाई विमा कंपनी देते आणि विम्याचा हप्ता मालक धंद्याच्या खर्चात टाकतो. त्याला झळ लागते कुठे? ओव्हरलोड गाडी पकडली तर २० हजार रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. अशी गाडी मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच चालत होती, असे न्यायालय मानू शकते, हे मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमातच आहे. वजनाच्या बाबतीत जे मानता येते, ते माणूस मेल्यावर विचारायलाही का नको? चालकाला दिवसाला ८ तास काम, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिले गेले. ते पाळले गेले की नाही हे फास्टॅगच्या नोंदींवरून कळू शकते. गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता होती, ते त्यात असते. बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती आणि शेठचे कॉल मिळवणेही पोलिसांना अवघड नाही. आमच्या प्रकरणात यातले काहीही मागवले गेले नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, म्हणून आपण सगळे त्यांना शिव्या देतो. डिझेल मोजून कोण देतो आणि कमी पडले की पगारातून कोण कापतो, हेही एकदा छापा. जानेवारी २०२४ मध्ये चालकांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हाही चर्चा झाली ती अपघात करून पळालेल्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा असावी की नसावी एवढीच. मालकाचे नाव कुणीच काढले नाही.

जाता जाता आणखी एक. सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर वकिलांचे दलाल उभे असतात. बहिणीच्या हातात अजून मृतदेह मिळाला नव्हता आणि एक जण वकीलपत्रावर तिची सही मागत होता. त्यांना तिथून हाकलायचे काम कुणाचे, याचे उत्तर तुमच्या वार्ताहराने रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांकडून मिळवून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा