रद्द प्रकल्पांमागचे कारण

चीनच्या राष्ट्रीय ऊर्जा प्रशासनाने १३ प्रांतांतील सुमारे १ लाख २० हजार मेगावॉट क्षमतेचे शंभरावर नियोजित कोळसा वीजप्रकल्प रद्द केल्याचे वृत्त (जानेवारी २०१७) वाचले. निर्णय स्वागतार्ह असला, तरी त्याचे सारे श्रेय पर्यावरणनिष्ठेला देणे घाईचे ठरेल. २०१४ च्या अखेरीस मंजुरीचे अधिकार प्रांतांकडे गेले आणि रोजगार व महसुलाच्या ओढीने त्यांनी परवान्यांची अक्षरशः खिरापत वाटली. परिणामी गरजेपेक्षा जास्त क्षमता उभी राहिली आणि २०१६ मध्ये तेथील औष्णिक संच सरासरीने वर्षातील निम्मे तासही पूर्ण क्षमतेने चालले नाहीत. रद्द झालेल्यांपैकी काहींचे तर बांधकामही सुरू झाले होते. पायात ओतलेल्या त्या काँक्रीटचा हिशेब परवाना देणाऱ्यांकडे कोणी मागितल्याचे मात्र वृत्तात दिसले नाही.

– एक वाचक, ठाणे