गोधडी शिवताना दोरा तुटतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्राआधी घरोघरी गोधड्या-वाकळा धुऊन होतात, उसवलेल्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांना नवा थर लावायला कोपऱ्यातलं शिलाई मशीन बाहेर निघतं. पाच-सात टाके पडतात न पडतात तोच वरचा दोरा तुटतो. पुन्हा ओवला की पुन्हा तुटतो. मग हात सवयीने टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण बदलणाऱ्या, स्क्रूकडे जातो. जरा सैल, जरा घट्ट, परत सैल असं करत अर्ध्या तासात मशीनची घडी इतकी विस्कटते की त्यावर साधा परकरही नीट शिवता येत नाही. म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं की टेन्शनला हात सगळ्यांत शेवटी लावा. गोधडीवर दोरा तुटण्याचं मूळ बहुतेक वेळा सुईत नाहीतर गोधडीच्या ओझ्यात असतं.

आधी तुटलेलं टोक उजेडाकडे धरून बघा. टोक पिंजलेलं, पीळ सुटलेलं असेल तर दोरा नेढ्यात घासतो आहे. सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर वाटेत कुठेतरी धातूला धार आली आहे. पॉलिस्टरच्या दोऱ्याच्या टोकाला बारीक कडक गोळी दिसली तर सुई तापून दोरा वितळला आहे. मोटर जोडलेल्या मशीनवर जाड थरांतून सुसाट शिवलं की हे होतं. तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

पिंजणं सगळ्यांत जास्त आढळतं. दर टाक्याला मशीन दोऱ्याचा मोठा फासा खाली सोडतं, तो शटलभोवती, म्हणजे खालच्या, फासा पकडणाऱ्या टोकदार भागाभोवती, फिरतो आणि जवळजवळ सगळा परत वर ओढला जातो. टाक्यात राहतो तो फक्त काही मिलिमीटर. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात बसण्याआधी वीस-तीस वेळा तरी त्याच नेढ्यातून खाली-वर होतो. नेढं लहान असेल तर दोरा तिथेच सोलवटतो आणि नेढ्याच्या वर कापसाचा बारीक बोंडा जमलेला दिसतो. तो दिसला की समजावं, दोरा आता तुटणार.

ब्लाऊज शिवायची १४ नंबरची सुई गोधडीला चालत नाही. दोन-तीन साड्यांचे थर असतील तर १६, त्याहून जाड असेल तर १८ नंबर लावा. एका गोधडीला एक नवी सुई, हा नियम पाळाच. सुईची किंमत दोऱ्याच्या एका रिळाहूनही कमी आहे आणि बोथट सुईने कापडही फाटतं. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. जिच्यावर लांब खाच आहे त्या बाजूनेच दोरा नेढ्यात ओवायचा असतो. उलटी बसवलेली सुई टाके सोडते आणि दोराही तोडते.

टाका लांब ठेवा, इंचात ७-८ पुरेत. टाका बारीक असला की दोरा नेढ्यातून जास्त वेळा घासला जातो आणि गोधडी कडकही होते. दोरा विकत घेताना नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात असू द्या. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या सुती दोऱ्याचा हातभर तुकडा ओढून बघा. वाळल्या गवतासारखा तुटला तर त्या रिळाचा मोह सोडा. हाताने शिवायचा खळ किंवा मेण चढवलेला दोरा मशीनला लावू नका, त्याचा थर दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत बसतो.

आता ओझं. भिजलेली नसली तरी गोधडी जड असते. टेबलाखाली लोंबकळली की ती चालू शिवणीत सुई वाकवते. वाकलेली सुई खालच्या पत्र्याच्या, ती ज्यातून आत जाते त्या भोकाच्या कडेला आपटते, तिथे ओरखडा उठतो आणि पुढचा प्रत्येक फासा त्यावरून कापला जातो. हाताने गोधडी मागून ओढणाऱ्यांचंही असंच होतं. डावीकडे आणि मागे खुर्ची किंवा स्टूल लावा, गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून घ्या आणि ओढायचं काम कापड सरकवणाऱ्या मशीनच्या दातांवर सोडा. शिवण मधून सुरू करून कडेला न्या. त्याआधी सगळ्या थरांना वीतभर अंतराने हाताने धावदोरा घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. जुन्या साडीचा फॉल उसवा. जरीचे काठ कापून काढा नाहीतर त्यांवरून चाक हाताने फिरवत जा. आत जुना ब्लाऊज घातला असेल तर हुक राहिलेत का ते चाचपून पाहा.

पत्र्याला ओरखडा आहे का ते नख फिरवून कळतं. नख अडकलं तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून भोकातून हलकेच फिरवा. शटलच्या टोकालाही तसंच तपासा. तिथे फार घासू नका, टोक झिजलं तर ते फासा पकडणार नाही.

जुन्या सुती कापडाचा भुसा फार पडतो. खालच्या दोऱ्याच्या दोन-तीन बॉबिन संपल्या की बॉबिन केस काढून आतला गोळा ब्रशने झाडा, शटलच्या वाटेत मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि चिंधीवर दहा-बारा टाके मारा. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं.

एवढं करूनही तुटला, तर प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पहिल्यापासून ओवा. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही आणि खाली गुंता होतो. त्यानंतरच टेन्शन. आधीची जागा खडूने खूण करून ठेवा आणि एका वेळी पाव फेराच सैल करा. वरच्या-खालच्या दोऱ्याची गाठ थरांच्या मधोमध लपली की थांबा. बॉबिन केसचा बारीक स्क्रू तसाच राहू द्या, वरचा दोरा तुटण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.

शिवणक्लासमध्ये कटिंगवर महिनोन्‌महिने जातात, पण सुई बदलणं आणि पत्रा उघडून साफ करणं कितीतरी ठिकाणी शिकवलंच जात नाही. क्लास चालवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात एक तास त्यासाठी द्यावा, ही आपल्या पत्रातून विनंती.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर