खोका कपाटात आहे

सहकारनगर, पुणे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला खोका मिळाला. कॅल्शियमच्या दोन बाटल्या आणि व्हिटॅमिन डीची पाकिटं. फोनवर मी "घेते गं" म्हणाले, ते खोटं होतं. सगळं तसंच कपाटात ठेवलंय.

स्टेरॉइडने आईची हाडं ठिसूळ होतील ही तुझी काळजी रास्त आहे, डॉक्टरांनाही ती आहेच. पण या आजारात जरा उलटं असतं बाळा. सार्कॉइडोसिसमध्ये आपल्याच बचावाच्या पेशी गोळा होऊन बारीक गाठी करतात. माझ्या त्या फुप्फुसांत आणि छातीतल्या ग्रंथींत आहेत. या गाठी स्वतःच व्हिटॅमिन डीचं कामाला लागलेलं रूप तयार करतात, मग रक्तात कॅल्शियम वाढू शकतं, मूतखडे होतात, किडनीला त्रास होतो. आणि नेहमीच्या तपासणीत डी पुष्कळदा कमीच दिसतं! माझंही कमी आलं होतं. डॉक्टरांनी आधी रक्तातलं आणि लघवीतलं कॅल्शियम बघायला सांगितलंय, गोळ्यांचं त्यानंतर. म्हणून, राणी, काही पाठवायच्या आधी विचारत जा.

सुरुवातीला टीबीच म्हणाले होते, आठवतं ना? संध्याकाळची कणकण, कोरडा खोकला, एक्स-रेत सुजलेल्या गाठी. आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच येणार, त्याचं मला काही वाटत नाही. तीन महिने त्या गोळ्या घेतल्या, लघवी नारिंगी व्हायची, खोकला जागचा हलला नाही. शेवटी दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढला तेव्हा कळलं. त्या तीन महिन्यांत घरातल्याच एकीने माझा कप वेगळा ठेवला होता. निळ्या काठाचा, कानाला टवका उडालेला. हा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही हे कळल्यावर तो कप परत मांडणीवर आला, पण मी अजून त्यातून चहा घेत नाही.

आता दिवाळीचं. चकलीचा सोऱ्या सापडेना म्हणून मी तुझ्यावर ओरडले. तेव्हा प्रेडनिसोलोन, म्हणजे ते स्टेरॉइड, 40 मिलिग्रॅम चालू होतं. रात्री तीनला टक्क जाग यायची, इतकी भूक लागायची की अंधारात चिवड्याचा डबा घेऊन बसायचे. चेहरा सुजून गोल झाला होता. तू काढलेला फोटो मी पुसायला लावला, तो त्याचमुळे. या औषधाने माणूस चिडचिडा होतो हे डॉक्टर सांगतात. पण ओरडले मी, आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसणारी तू मला दिसत होतीस. चुकलं माझं.

तू तेव्हा म्हणालीस, "सोडून दे त्या गोळ्या." तसं एकदम सोडता येत नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. आता 7.5 वर आले आहे. शिवाय मेथोट्रेक्सेट, त्या बचावाच्या पेशींना आवरणारं औषध, आठवड्यातून एकदाच, रविवारी. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून बाबांनी कॅलेंडरवर रविवारांभोवती लाल गोल काढलेत. फॉलिक ॲसिड मंगळवारी. लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी होते.

राहिला थकवा. तो रिपोर्टात दिसत नाही. भाजी निवडता निवडता हात मांडीवर पडतात आणि मेथीची जुडी तशीच राहते. तू "बरी आहेस ना?" विचारतेस आणि मी "बरी आहे" म्हणते, दोघींचं बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा पर्वती किती चढलीस ते विचार. परवा अर्ध्यावर बसले. बाबा काही न बोलता शेजारी बसले.

पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी आहे. हा आजार डोळ्यांच्या आत सूज आणू शकतो, कधी दुखतसुद्धा नाही, आणि स्टेरॉइडने मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग रिक्षातून येताना सगळा रस्ता पांढराफटक दिसतो. मागच्या वेळी मी बाबांचा दंड धरून जिना चढले. या वेळी तू आलीस तर फार बरं वाटेल. खोकाही जाताना घेऊन जा.

तुझी,
आई