यंदाचा बाळंतविडा पिल्लांना नको, सांभाळणाऱ्यांना हवा

ठाणेकरांनो, नमस्कार.

दर दिवाळीच्या तोंडावर आम्ही प्राणीवाले तुमच्याकडे हात पसरतो. जुन्या चादरी द्या, रद्दी द्या, पिल्लांच्या खाण्याची पाकिटं द्या. तुम्ही देताही. गेल्या वर्षी एवढी रद्दी जमली की जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. यंदा मागणं वेगळं आहे. आमच्या फोस्टर मंडळींसाठी भेटीच्या पिशव्या भरायच्या आहेत. फोस्टर म्हणजे अनाथ, आजारी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कुत्रं-मांजर काही आठवडे स्वतःच्या घरात ठेवून घेणारी माणसं. नौपाडा, वर्तकनगर, कोपरी, कळवा आणि घोडबंदर रोड मिळून आमच्याकडे अशी २८ घरं आहेत. म्हणजे २८ पिशव्या, आणि त्या वसुबारसेच्या संध्याकाळी घरपोच करायच्या आहेत.

‘हे कशाला? ते हौसेनं करतात,’ असं आमच्याच बैठकीत एकांनी म्हटलं. करतात हौसेनंच. पण ती हौस रात्री अडीच वाजता कशी दिसते, ते सांगते.

वर्तकनगरला आमच्या एक काकू आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे मांजराची चार पिल्लं आली. भर पावसात मंडईमागे भाजीच्या क्रेटमध्ये कुणीतरी सोडून दिलेली, डोळेही न उघडलेली. अशा पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, आणि पोटाला रात्र कळत नाही. गाईचं दूध चालत नाही, जुलाब लागतात. मांजरीच्या दुधाऐवजी वापरायची खास पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची. पाजताना पिल्लू पालथंच ठेवायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पाजून झालं की ओल्या कापसानं मागून हलकेच पुसायचं, कारण एवढ्या लहान वयात आईनं चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. अंगात ऊब धरून ठेवता येत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. चार पिल्लांची एक फेरी पाऊण तासाची. त्यानंतर तासभर डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा गजर.

काकूंच्या ओट्यावर स्वयंपाकाचा वजनकाटा आहे. त्यावर स्टीलचा डबा ठेवून त्या रोज सकाळी एकेका पिल्लाचं वजन करायच्या आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायच्या. एका पिल्लाची ओळ मी पाहिली आहे: १८२, १९४, २०३, १९८. त्या १९८ खाली पेनानं दोन रेघा ओढलेल्या. रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढायच्या वयात वजन घटलं की थांबायचं नसतं. काकू त्याच तिरीमिरीत रिक्षा करून डॉक्टरांकडे गेल्या. ते पिल्लू वाचलं. ज्याचे आकडे शिस्तीत चढत होते, ते दुसरंच एक चौथ्या आठवड्यात गेलं. त्या दिवसांत जो तो काकूंना विचारत होता, ‘पिल्लं कशी आहेत?’ काकू कशा आहेत, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी ‘सध्या नको गं’ म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आपल्याकडे बाळ झालं की बाळंतविडा जातो. त्यात झबली-टोपडी असतात, दुपटी असतात. पण डिंकाचे लाडू, अळीव आणि शेपा-ओव्याची पुरचुंडीही असते. ती काही बाळासाठी नसते. आमच्या फोस्टरना आजवर नुसती झबलीच पोचली.

म्हणून पहिली अट: या पिशवीत प्राण्याच्या कामाचं काहीही घालायचं नाही. खाणं नको, पट्टे नकोत, कुत्र्याचा फोटो छापलेला मगही नको. त्यांच्या घरात ते सगळं ओसंडून वाहतंय. त्यांच्याकडे नसतो तो फराळ, कारण तो करायला वेळ नसतो, आणि दिवाळीला गावीही जाता येत नाही. पिल्लांना कुणाच्या गळ्यात घालणार? चकली, कडबोळी, शंकरपाळे, करंज्या, जे तुमच्या हातचं चांगलं होतं ते द्या. चार घरांपुरतं जास्तीचं केलंत तरी पुष्कळ झालं. चांगला चहा किंवा कॉफी. उटणं आणि मोती साबण, म्हणजे अभ्यंगस्नान तरी वेळेवर होईल. एक नवा, मोठा टॉवेल. हसू नका, यांच्या घरातला प्रत्येक धड टॉवेल कधीच पिल्लांखाली गेलेला असतो.

हातांना लावायचं क्रीम मात्र विसरू नका. कोपरीला वन-रूम-किचनमध्ये राहणारा आमचा एक दादा पार्व्हो या विषाणूच्या आजारातून उठलेली कुत्र्याची पिल्लं सांभाळतो. हा विषाणू फिनेलला दाद देत नाही आणि घरात महिनोन्‌महिने टिकतो. त्याला लागतं ब्लीच, एका भागाला तीस भाग पाणी, आणि ते फरशीवर दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. दिवसातून दोनदा हे करून दादाच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत. हातमोजे देतो आम्ही. ते फाटतात, आणि घाईत तो ते घालतही नाही.

आता काय नको ते. इथे जरा लक्ष द्या, कारण पिशवी माणसाची असली तरी तिच्यात नाक खुपसणार आहेत तिथली चार पायांची मंडळी. चॉकलेट नको. मनुका-बेदाणे अजिबात नकोत. कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर ते विषासारखे उठू शकतात. म्हणजे बेसनाच्या लाडवावर आपण जो बेदाणा टोचतो, तो यंदा काजू असू द्या, आणि चिवड्यातले मनुकेही वगळा. ऑफिसात मिळालेला सुक्या मेव्याचा खोका तसाच पुढे सरकवायचा मोह होईल, तो या कारणासाठी आवरा. लिलीची फुलं मांजराच्या घरात नकोतच. त्यांचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डांबराच्या गोळ्या नकोत. वासाच्या मेणबत्त्या आणि सुगंधी तेलंही राहू द्या. आणि रिबन! भेटवस्तूंची पिशवी म्हटली की आपला हात आपोआप त्या चकचकीत रिबनकडे जातो. मांजरानं ती गिळली तर आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि पोट उघडायची वेळ येते. तेव्हा रिबन, जर, लोकर, काही बांधायचं नाही. साधी कापडी पिशवी आणि आत घट्ट झाकणाचे डबे. दिसायला साधी दिसेल, दिसू द्या.

सगळ्यात मोलाची वस्तू दुकानात मिळत नाही. प्रत्येक पिशवीत आम्ही एक चिठ्ठी घालणार आहोत: ‘चार तासांची राखण’. ज्याला ती मिळेल त्यानं दिवस सांगायचा, आमच्यापैकी कुणीतरी जाऊन पिल्लांजवळ बसेल. मग त्या माणसानं गडकरी रंगायतनला नाटक बघावं, तलावपाळीला जाऊन भेळ खावी, नाहीतर दार लावून नुसतं झोपावं. २८ चिठ्ठ्यांना आज आमच्याकडे अकराच माणसं आहेत. तुम्हाला पाजण्याचा अनुभव नसला तरी चालेल, एका रविवारी दोन तासांत शिकवू. लहान पिल्लांच्या घरी जायचं तर हात धुवायची आणि कपडे बदलायची शिस्त मात्र पाळावी लागेल. आदल्या दिवशी दुसऱ्या कुठल्या आजारी कुत्र्याला हात लावला असेल तर तसं मोकळेपणी सांगायचं.

पैसे कृपया देऊ नका. आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही, आयकरात सवलत मिळवून देणारी पावती आम्हाला देता येणार नाही, आणि पावतीशिवाय लोकांचे पैसे हाताळायचे नाहीत असं आमचं ठरलेलं आहे. वस्तू द्या किंवा वेळ द्या. टिकणाऱ्या वस्तू दिवाळीआधीच्या दोन रविवारी सकाळी १० ते १ या वेळात नौपाड्यात घेऊ. फराळ मात्र वसुबारसेच्या आदल्या दिवशीच आणा, नाहीतर चकल्या मऊ पडतील. नेमका पत्ता आणि राखणीची नावनोंदणी यासाठी हे आवाहन ज्यांनी तुमच्यापर्यंत पोचवलं त्यांनाच कळवा, त्यांच्याकडे यादी आहे.

पिशव्या पोचवायला दुचाकीवाले सहा जण लागतील. त्यांच्यासाठी एकच सूचना: दारावर गेल्यावर घंटा वाजवू नका. पिशवी कडीला अडकवा, खाली उतरा आणि मग फोनवर निरोप टाका. पिल्लं नुकतीच झोपलेली असू शकतात, आणि त्यांच्याबरोबर घरातलं माणूसही.