ताणलेल्या वायररोपजवळ उभे राहू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात दापोली-हर्णै रस्त्यावर जुना आंबा आडवा झाला. पोरांनी वायररोप बांधून तो ट्रॅक्टरने ओढायला घेतला, आणि ताणलेल्या रोपला लागून वीसेक माणसे मोबाईल धरून उभी! मी ओरडून त्यांना मागे सारले. जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतरही हेच बघितले होते.

मी 1972 साली लाकडाच्या ट्रकवर क्लीनर लागलो. महायुद्धातला जुना लष्करी ट्रक, पुढे बंपरला विंच, म्हणजे ड्रमवर रोप गुंडाळून ओढणारे यंत्र. घळीतले ऐन-किंजळीचे ओंडके त्याने वर खेचायचे. रोप घेऊन खाली उतरणे माझे काम. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावले, रोपवर उघडा हात फिरवायचा नाही. चिंधी फिरवायची. ती अडकली, तर तिथे तार तुटलेली. ड्रमवर निदान तीन वेढे ठेवायचेच, नाहीतर सगळा भार टोकाच्या पकडीवर जातो. रोपचे दुमडलेले टोक आवळणाऱ्या यू-क्लॅम्पची बैठक भाराच्या बाजूला बसवायची आणि वाकडा गज तोकड्या टोकावर. उलट झाले तर भाराचा रोपच चिरडतो.

कपीबद्दल तर फारच गैरसमज आहे. उभ्या झाडाला कपी बांधून रोप मागे वळवला, तर जोर वाढत नाही, नुसती दिशा बदलते. त्या झाडावर मात्र जवळजवळ दुप्पट ओढ येते. जोर हवा असेल तर कपी ओंडक्याला लावून रोपचे टोक पक्क्या बुंध्याला बांधावे. ओंडका निम्म्या वेगाने येतो, पण विंच कण्हत नाही.

आमच्या खाऱ्या हवेत आणखी एक धोका. रोपच्या पेडांमधला दोरीचा गाभा वंगण धरून ठेवतो. ते सुकले की रोप आतून गंजतो, वरून धड दिसतो. आमचा असाच तुटला. मालकाला दोनदा सांगून झाले होते. फटका माझ्या जोडीदाराच्या मांडीवर बसला, तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. ओले गोणपाट रोपवर टाकायचे असते, म्हणजे तुटलेले टोक फार उसळत नाही. ते टाकायचे माझ्याकडून राहिले होते.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने झाडे हटवणाऱ्या पोरांना एक दिवस हे हाताने करून दाखवावे. आमच्या तालुक्यात मी स्वतः येईन. माझी कपी अजून पडवीत टांगलेली आहे, तेल घातलेली.

– एक निवृत्त ट्रकचालक, दापोली